बांबूच्या जुन्या फ्लाय रॉडची टिप: एका दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मामाच्या पश्चात भाचीकडे आलेला बांबूचा एक फ्लाय रॉड, म्हणजे मासेमारीची काठी, दुरुस्तीसाठी कारागिराकडे पोहोचला. लांबी आठ फूट. मुठीकडचा बट एकच आणि त्यावर आलटून-पालटून बसवायच्या टिपा दोन. जुन्या रॉडसोबत दोन टिपा सर्रास मिळत, कारण मोडायची ती बहुधा टिपच मोडते. मुठीच्या वर शाईने ‘एचईएच’ अशी अक्षरे होती. लाइनची, म्हणजे रॉडने फेकायच्या दोरीची, जाडी अक्षरांत लिहिण्याची ही जुनी पद्धत. १९६० च्या सुमारास वजनावर आधारलेले नंबर आले आणि अक्षरे मागे पडली. एचईएच म्हणजे साधारण आजची ५ नंबरची लाइन. तिच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास भरते.

रॉड कारखान्यात बनलेला, मध्यम प्रतीचा होता. संग्राहकांना अशा रॉडचे अप्रूप नसते आणि हे बरेच झाले. नामवंत कारागिराचा रॉड असता, तर मूळ वार्निशला हात लावावा की नाही इथपासून वाद सुरू झाला असता. इथे मालकिणीच्या अटी दोनच होत्या: रॉड नदीवर वापरता आला पाहिजे, आणि हातात मामाच्या रॉडसारखाच वाटला पाहिजे.

दुसरी अट दिसते तेवढी साधी नव्हती. फ्लाय म्हणजे गळाला बांधलेली पिसे आणि दोरा. तिला स्वतःचे वजन जवळपास नसतेच. फेकली जाते ती लाइन. लाइनच्या वजनाने रॉड वाकतो, सरळ होताना लाइनला पुढे ढकलतो. कार्बनचा रॉड हे काम कमी वजनात आणि झटकन करतो. बांबूचा रॉड जड असतो आणि सावकाश वाकतो, पण नेमका कुठे वाकतो आहे ते हाताला कळते. पंचवीस-तीस फुटांवर, नाजूक दोऱ्यावर मासेमारी करणाऱ्याला ही सावकाशीच हवी असते. हा सगळा स्वभाव ठरतो टेपरवर, म्हणजे टोकापासून मुठीपर्यंत जाडी कशी वाढत जाते यावर.

रॉड भरीव असतो. त्रिकोणी छेदाच्या सहा कामट्या एकमेकींना चिकटवून षट्कोन तयार होतो. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होतात. म्हणून सालीची बाजू बाहेर ठेवायची आणि रंधा फक्त आतल्या दोन बाजूंवर चालवायचा, हा या कामातला पहिला नियम. बांबू शक्यतो टोंकिन जातीचा, दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग भागातला. मॅक्लूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. त्याआधीच्या पिढीतले रॉड कलकत्त्याहून जाणाऱ्या बांबूचे असत.

अडचण

पहिल्या टिपचे वरचे ११ इंच मोटारीच्या दारात सापडून तुटले होते आणि तुटलेला तुकडा हरवला होता. या टिपला इथे ‘अ’ म्हणू.

दुसरी टिप, ‘ब’, अखंड होती, पण फेरूलच्या (टिप आणि बट जोडणाऱ्या धातूच्या नळीच्या) वर सुमारे ९ इंचांपर्यंत एक शिवण उघडली होती. नखाने दाबले की दोन कामट्यांमधली फट दिसे. शिवाय वरच्या भागात कायमचा बाक आला होता: टिप सपाट टेबलावर ठेवली की टोक इंचभर वर राही.

तिसरी तक्रार सांध्याची. टिपवरचे नर फेरूल बटावरच्या मादी फेरूलमध्ये सैल बसत होते आणि फेकताना बारीक टक्-टक् येत होती. फेरूल जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूची, १३/६४ इंच मापाची.

बट मात्र सरळ होता आणि शिवणी बंद होत्या.

समोर असलेले पर्याय

‘अ’साठी तीन वाटा होत्या. तुटल्या जागी नवे टोकाचे कडे (ज्यातून लाइन बाहेर पडते ते) बसवून मोकळे व्हायचे, ही पहिली. टोकाचा इंच-दोन इंच गेला असता तर हेच शहाणपणाचे ठरले असते; फरक जाणवतही नाही. पण ११ इंच गेल्यावर उरलेले टोक १०० थाऊच्या वर जाड राहते (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि मूळ टोक होते ७५ च्या आसपास. अशी टिप वाकणार नाही, नुसती हलेल.

दुसरी वाट तिरप्या जोडाची. तुटलेले टोक आणि नवा तुकडा दोन्ही लांब तिरपे कापायचे, चिकटवायचे आणि वरून रेशमी दोरा गुंडाळायचा. जोडाची लांबी जाडीच्या वीसपट धरतात, म्हणजे इथे दोन इंच. जोड टिकतो, प्रश्न मेहनतीचा होता. ११ इंचांचा तुकडा बनवायलाही बांबू फाळणे, भाजणे, रंधणे, चिकटवणे यांतले काहीच चुकत नाही. अख्खी टिप बनवायला त्याहून थोडेच जास्त काम. आणि जोड येणार होता टिप सर्वांत जास्त वाकते त्या पट्ट्यात.

तिसरी वाट अख्खी नवी टिप. कारागिराने ती सुचवली, मालकिणीने मान्य केली.

‘ब’चा निर्णय एका थेंबावर झाला. उघड्या शिवणीत कोमट पाण्याचा थेंब सोडला, काही मिनिटांनी सुई फिरवली, तर आतले मऊ होऊन चिकट झाले होते. म्हणजे रॉड सरसाने, जनावरांच्या हाडा-चामड्यापासून काढलेल्या जुन्या सरसाने चिकटवलेला. इथे घाईने इपॉक्सी भरण्याचा मोह होतो. पण इपॉक्सीला धरायला बांबू लागतो, सरसाचा जुना थर नाही. वर्षभरात फट पुन्हा उघडते, आणि मग इपॉक्सी खरवडून काढणे हे आणखी एक काम होऊन बसते. त्यामुळे ठरले असे: कोमट पाणी आणि सुती दोऱ्याने फट साफ करायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग चिकटवायची. पण नाजूक टिप कमीत कमी हाताळावी म्हणून ‘ब’ मागे ठेवली आणि नवी टिप आधी हाती घेतली.

हा क्रम तेव्हा बिनमहत्त्वाचा वाटला.

काम कसे झाले

मापे ‘ब’वरून घेतली. टोकापासून दर पाच इंचांवर खूण, आणि प्रत्येक खुणेवर समोरासमोरच्या सपाट बाजूंच्या तिन्ही जोड्या मायक्रोमीटरने. तीन मापे इतक्यासाठी की जुना षट्कोन क्वचितच समभुज असतो. दोन-तीन थाऊंचा फरक नेहमीचा, म्हणून सरासरी धरतात. हे माप वार्निशवरून येते, तेव्हा त्यातून वार्निशची जाडी वजा करावी लागते. कारागिराने दोन्ही बाजूंचे मिळून ३ थाऊ वजा केले. नव्या, बुडवून वार्निश केलेल्या रॉडवर एवढेच असते.

बांबूचा दोन इंच व्यासाचा तुकडा सुरीने आधी अर्धा, मग पुन्हा पुन्हा फाळून २४ कामट्या केल्या. फाळण्याऐवजी करवत लावली तर काम सोपे होते, पण करवत सरळ जाते आणि बांबूचे तंतू तसे जात नाहीत. तंतू कापले गेले की तिथेच कामटी उसळते. सहा कामट्या टिपसाठी, दोन जास्तीच्या. उरलेल्या सोळा त्याच बांबूची खूण करून बांधून ठेवल्या. या सवयीने पुढे काम वाचवले.

प्रत्येक गाठीवर वेगळी मेहनत लागते. आतला पडदा पटाशीने काढायचा, बाहेरचा उंचवटा कानशीने जेमतेम उतरवायचा. मग गाठ गरम हवेवर फिरवत तापवायची. बांबू लवचिक झाला की सालीची बाजू सपाट जबड्यात धरून व्हाइसमध्ये दाबायची आणि थंड होईपर्यंत सोडायची नाही. कमी तापली तर ती रात्रीतून पुन्हा फुगते, जास्त तापली तर काळपट आणि ठिसूळ होते. मग सहा कामट्या मागे-पुढे सरकवून अशा लावायच्या की सगळ्या गाठी एका जागी येऊ नयेत. ‘ब’ निरखली तर मूळ मांडणी एकाआड एक कामटीची दिसली: तीन गाठी एका ठिकाणी, उरलेल्या तीन दोहोंच्या मधोमध. तीच ठेवली. टोकाच्या शेवटच्या सहा इंचांत गाठ येणार नाही एवढे पाहिले.

कामट्या ६० अंशांच्या त्रिकोणात ओबडधोबड रंधून, दोऱ्याने एकत्र बांधून ओव्हनमध्ये भाजल्या. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास, वेळ दहा-बारा मिनिटे, निम्म्या वेळात जुडीची टोके उलटी. भाजण्याने बांबूतला ओलावा निघतो आणि ताठपणा वाढतो. मूळ रॉडचा रंग मध्यम तपकिरी होता. त्या रंगासाठी उरलेल्या चोयट्यांवर आधी दोनदा चाचणी घेतली, कारण रंग ठरवणारी वेळ प्रत्येक ओव्हनमध्ये वेगळी निघते.

यानंतरचे काम स्टीलच्या साच्यावर. दोन लांब पट्ट्या, मध्ये ६० अंशांची खाच, आणि दर पाच इंचांवर दोन बोल्ट: एक पट्ट्या जवळ ओढतो, दुसरा दूर ढकलतो. डेप्थ गेज खाचेत टेकवून प्रत्येक ठिकाणची खोली लावायची. खोली म्हणजे रॉडच्या जाडीचे निम्मे. ८० थाऊ जाडीला ४० थाऊ. कामटी खाचेत साल एका भिंतीला टेकवून ठेवायची, वर आलेली बाजू रंधायची, मग उलटायची. दोन्ही बाजूंना सारखेच फेरे द्यायचे. फेरे कमी-जास्त झाले की त्रिकोण कलतो. म्हणून अधूनमधून कामटीची उंची तिन्ही बाजूंनी मोजायची आणि तिन्ही आकडे जुळेपर्यंत पुढे जायचे नाही. कललेल्या कामट्या चिकटतात, पण बाहेरून शिवण काळ्या रेघेसारखी दिसते, आणि ती जागा पुढे उघडायला तयारच असते. गाठीपाशी पाते तंतू उपटते. तिथे रंध्याचे तोंड बारीक करायचे, छिलका कमीत कमी घ्यायचा आणि शेवटचे तीन-चार थाऊ स्क्रेपरने उतरवायचे. टोकाशी कामटी मिलिमीटरभरच उंच राहते. शिंक आली तरी आधी हात बाजूला घ्यावा.

सहा कामट्यांना गोंद लावून दोरा दोन्ही दिशांनी, उलटसुलट गुंडाळला. एकाच दिशेने गुंडाळला तर टिपला पीळ बसतो आणि तो नंतर निघत नाही. ओल्या गोंदात टिप टेबलावर लाटून सरळ केली आणि खाली वजन लावून टांगली. वाळल्यावर दोरा सोडला आणि चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने गोंद साफ केला. सालीवर यापलीकडे काही केले नाही.

फेरूल ‘अ’वरचे वापरायचे ठरले होते. जुन्या फेरूलमध्ये बारीक पिन ठोकलेली असते. ती न शोधता ओढाओढ केली तर बांबू फाटतो. पिन बाहेर ढकलली, फक्त धातू तापवला आणि फेरूल सरळ ओढून काढले. टक्-टक् येण्याचे अर्धे कारण इथेच सापडले: फेरूल आतून बांबूवरच सैल झाले होते. उरलेले अर्धे कारण झीज. नर फेरूलवर निकेलचा अगदी पातळ मुलामा चढवून, मग बारीक घासून ते बसते केले. मादी फेरूल ठोकून आवळण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. ठोकलेली नळी गोल राहत नाही. पहिल्या हंगामात घट्ट वाटते, दुसऱ्या हंगामात अडकते.

पहिली नवी टिप कुठे फसली

वार्निशच्या आधी, लाइन ओवायच्या कड्या तात्पुरत्या टेपने लावून चाचणी झाली. ५ नंबरच्या लाइनने तीस फुटांच्या आत रॉड जागाच होत नव्हता. लाइन पुढे जाई, पण टोकाने काही केल्याचे हाताला लागत नव्हते.

कारागिराने दोन्ही टिपा फेरूलपाशी आडव्या पकडून टोकाला पंधरा ग्रॅमचे वजन टांगले आणि मागच्या कागदावर दोन्ही वक्र काढले. ‘ब’ जास्त वाकली होती. पहिला अंदाज असा की ‘ब’ची शिवण उघडी आहे, म्हणून ती जास्त वाकणारच. अंदाज सोयीचा होता, पण कागद तसे म्हणत नव्हता. उघडी शिवण फेरूलच्या जवळ, खालच्या ९ इंचांत. वक्रांमधला ठळक फरक मात्र वरच्या पंधरा इंचांत होता. नवी टिप तिथे जवळपास सरळच राहत होती.

उलगडा ‘ब’चे वार्निश उतरवल्यावर झाला. मूळ थरावर कुणीतरी कधीतरी ब्रशने आणखी थर चढवले होते. दोन्ही बाजूंचे मिळून वार्निश ८ थाऊ निघाले, ३ नव्हे. नवी टिप टोकापासून फेरूलपर्यंत सगळीकडे ५ थाऊ जाड झाली होती.

पाच थाऊ म्हणजे जाडसर कागदाइतके. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. टोकाला ७५ ऐवजी ८० थाऊ झाले की ताठपणा सुमारे २९ टक्के वाढतो. फेरूलपाशी २०३ ऐवजी २०८ झाले तर वाढ १० टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे टिप सगळीकडे सारखी ताठ झाली नव्हती, ती टोकाला जास्त आणि तळाला कमी ताठ झाली होती. सगळी सारखी ताठ झाली असती, तर एक नंबर जड लाइन लावून भागले असते. इथे टेपरच बदलला होता.

पुढे काय, यावर तीन गोष्टींचा विचार झाला. ६ नंबरची लाइन लावून बघितली. टिप वाकू लागली, पण जुना बट दमल्यासारखा वाटू लागला. बाहेरून अडीच-अडीच थाऊ घासून टाकायचे, ही दुसरी कल्पना. टोकाशी अख्खी कामटी ४० थाऊ. त्यातला सालीलगतचा अडीच थाऊ म्हणजे तिचा सर्वांत बळकट भाग. तो घालवून आकडा जुळतो, टिप मात्र लवकर बाक धरते. तिसरी गोष्ट पुन्हा बनवणे. बांधून ठेवलेल्या सोळांतून सहा कामट्या निघाल्या. त्याच बांबूच्या, त्याच रंगाला भाजता येण्यासारख्या.

निकाल

दुसरी नवी टिप प्रत्येक खुणेवर वार्निश उतरवलेल्या ‘ब’च्या मापाच्या एक थाऊच्या आत आली. ‘ब’ची शिवण साफ करून चिकटवल्यावर दोन्हींचे वक्र पुन्हा काढले. नवी किंचित ताठ होती, आणि ते अपेक्षितच होते: मापे जुळली तरी ताजा भाजलेला बांबू आणि अनेक हंगाम वाकलेला बांबू सारखे वागत नाहीत. फेकताना फरक जाणवला नाही.

‘ब’चा बाक उष्णता देऊन काढला नाही. ज्या सरसावर ती उभी होती त्याला उष्णता मानवत नाही. त्याऐवजी कड्या पुन्हा बांधताना समोरच्या बाजूवर घेतल्या, म्हणजे वापरात येणारा ताण बाकाच्या उलट दिशेने पडेल. कड्यांवरचा दोरा रेशमी. वार्निश लागले की त्याचा रंग गडद होतो आणि खालचा बांबू दिसू लागतो, म्हणून रंगाची निवड टाकाऊ कामटीवर वार्निश लावून केली. नव्या टिपला बुडवून दोन पातळ थर दिले.

पहिली, ताठ टिप मालकिणीने ठेवून घेतली. वाऱ्याच्या दिवशी ६ नंबरच्या लाइनसोबत ती चालते, पण फेरूल तिच्यासाठी नवे घ्यावे लागले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत सरळ उपाय टेबलावरच पडलेला होता. ‘अ’ ही टिप टाकाऊ ठरली होती आणि तिचे खालचे ३७ इंच शाबूत होते. दोन्ही टिपा एकाच साच्यातल्या. ‘अ’वरचे वार्निश बेधडक खरवडून सात-आठ ठिकाणी उघड्या बांबूची मापे मिळाली असती, आणि ‘ब’वरचे वार्निश किती जाड आहे तेही त्यातून निघाले असते. पण ‘अ’कडे फक्त फेरूल देणारा तुकडा म्हणून पाहिले गेले. मोडका भाग फेकण्याआधी त्यावरून मापे काढायची, हे प्रत्येक दुरुस्तीत करण्यासारखे आहे.

‘अ’ नसती तरी चालले असते. कड्यांच्या दोऱ्याखाली दडणारी इंचभर जागा उघडी करून, आधी आणि नंतर मोजले की वार्निशचा आकडा हातात येतो. जुन्या रॉडवर तीन थाऊ गृहीत धरणे म्हणजे अंदाजाने औषध देणे.

कामाचा क्रमही उलटा चालला असता. ‘ब’ आधी उघडली असती तर ती वाळेपर्यंत नवी टिप रंधायला वेळ होताच. कारागिराने उलटे केले ते नाजूक टिप कमीत कमी हाताळावी म्हणून. कारण चुकीचे नव्हते, पण त्याची किंमत एक अख्खी टिप झाली.

वक्राची चाचणी गोंद लावण्याआधी घेता आली असती का? येते. सहा कामट्या कोऱ्या दोऱ्याने घट्ट बांधून टांगता येतात. वक्र अचूक येत नाही, बांधलेली जुडी चिकटवलेल्या टिपपेक्षा मऊच निघते. पण इथे एवढ्या मऊ अवस्थेतही ती ‘ब’पेक्षा ताठ निघाली असती, तर शंका घ्यायला तेवढे पुरले असते, आणि कामट्या पुन्हा साच्यावर घेऊन पातळ करता आल्या असत्या. जाड कामटी दुरुस्त होते, जाड टिप होत नाही.

बटाचा प्रश्न उघडाच आहे. त्याच्या शिवणी आज बंद असल्या तरी सरस तोच, आणि वय तेच. तो आत्ताच उघडून नव्या गोंदाने चिकटवावा, असे एक मत होते. मूठ, रील बसायची जागा आणि ‘एचईएच’ची अक्षरे त्यात गेली असती. मालकिणीने नको म्हटले आणि कारागिरालाही ते पटले. त्याऐवजी दर हंगामाच्या सुरुवातीला मादी फेरूलच्या खालचा पाच-सहा इंचांचा भाग नखाने दाबून पाहायचा, आणि ओला रॉड नळीत बंद करायचा नाही, एवढे ठरले आहे.